देवळालीहून लीड्सला निघालेल्या बाईंना

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार देवळाली कॅम्प. मुलगा-सून लीड्सला असतात. येत्या मे महिन्यात मी सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे निघाले आहे. इंग्रजी मला वाचता-लिहिता येतं, पण बोलायची आता धास्तीच बसली आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तेरा वर्षांच्या नातवाला इंग्रजीतून विचारलं, 'तुझ्याकडे रबर आहे का?' तर तो हसत सुटला आणि का हसतोय ते सांगेना. त्याचे मित्र आवडलेल्या गोष्टीला 'सिक' म्हणतात. मी त्याला कौतुकानं एक मेसेज पाठवला होता. न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, चेस म्हणजे चॅरियट-हॉर्स-एलिफंट-सोल्जर्स, असे बऱ्याच शब्दांचे फुलफॉर्म होते त्यात. त्याचं उत्तर आलं, 'आजी, हे सगळं फेक आहे.' तिथे जाऊन गप्पच बसावं असं वाटू लागलंय. शब्दांचे अर्थ असे बदलतात कसे? खरं काय, खोटं काय, हे ओळखायचं कसं? आणि जाताना कोणती डिक्शनरी बरोबर न्यावी?

उत्तर :

बाई, नमस्कार. पत्राखाली 'निवृत्त शिक्षिका' वाचल्यावर तुम्हाला दुसरं काही म्हणवेना.

गप्प बसू नका. सहा महिने गप्प राहिलात तर नातवाच्या मनात आजी म्हणजे फक्त थालीपीठ करणारी बाई उरेल, आणि तुमच्याकडे त्याला सांगण्यासारखं केवढं तरी आहे. सुरुवात रबरापासूनच करू, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे.

ब्रिटनमध्ये पेन्सिलीनं लिहिलेलं खोडायच्या वस्तूला रबरच म्हणतात. अमेरिकेत त्याला इरेजर म्हणतात आणि तिथल्या बोलीत रबर म्हणजे निरोध. नातू राहतो लीड्सला, पण मोबाइलवर बघतो ते बहुतेक अमेरिकन. म्हणून तो हसला, आणि म्हणूनच त्याला कारण सांगवेना. आता गंमत पुढे आहे. प्राणवायूच्या शोधामुळे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात भेटणारा जोसेफ प्रीस्टली १७६७ ते १७७३ या काळात लीड्समध्येच, मिल हिल चॅपलमध्ये धर्मोपदेशक होता. १७७० साली त्यानं चित्रातल्या यथार्थदर्शनावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात नोंद करून ठेवली, की पेन्सिलीच्या खुणा पुसायला फार उत्तम असा एक पदार्थ पाहण्यात आला आहे. घासून पुसणारा तो रबर, कारण रब म्हणजे घासणं. म्हणजे नाव आधी पडलं ते खोडण्याच्या कामावरून. तेच पुढे तो पदार्थ ज्या चिकापासून होतो त्या चिकाला चिकटलं, मग त्याच्या झाडाला, मग त्यापासून होणाऱ्या टायर-चपलांना, आणि अमेरिकेत त्या तिसऱ्याच वस्तूला. लीड्सच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलात की सिटी स्क्वेअर लागतो. प्रीस्टलीचा पुतळा तिथेच आहे, आणि ते चॅपलही. नातवाला तिथे उभं करून ही हकिकत सांगा. तुमची जी वस्तू त्याला हसू आणते, ती त्याच्याच गावच्या एका मोठ्या माणसानं कागदावर नोंदवून ठेवली आहे.

आता तो मेसेज. नातू खरं बोलला. वाईट वाटून घेऊ नका, हा मेसेज महाराष्ट्रातल्या शाळांच्या फलकांवरसुद्धा मी सुविचाराच्या जागी लिहिलेला पाहिला आहे. न्यूज हे 'न्यू'चंच अनेकवचनी रूप, नव्या गोष्टी त्या न्यूज. जुन्या कागदांत त्याचं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही सापडतं, आणि दिशांचा हिशेब तिथेच बिघडतो. बाय म्हणजे 'बी विथ यू एव्हरीटाइम' वगैरे काही नाही. 'गॉड बी विथ यी', देव तुमच्याबरोबर असो, हे झिजून झिजून गुडबाय झालं आणि त्याचं शेपूट तेवढं उरलं. पेन आलं लॅटिनमधल्या पिसाच्या शब्दावरून. पेन्सिल मात्र त्याच्या नात्यातली नाही. तिचा मूळ लॅटिन शब्द लहान शेपटीचा, म्हणजे कुंचल्याचा.

चेसवर थोडं थांबते, कारण त्या खोट्या फुलफॉर्मपेक्षा खरी गोष्ट आपल्या फार जवळची आहे. रथ, हत्ती, घोडे आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगं असलेला चतुरंग हा खेळ भारतातला, हे खरंच. पण तो इराणमार्गे पश्चिमेला गेला आणि जाताना फारसी शब्द बरोबर घेऊन गेला. राजाला फारसीत शाह. राजावर चाल आली की 'शाह' म्हणून बजावायचं. त्या शाहचं जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता चेक झालं आणि त्याच्याच अनेकवचनी रूपातून चेस. चेकमेट म्हणजे शाह मात. आता आपल्याकडे पाहा. आपण पटावर शह देतो, राजकारणात शहकाटशह चालतात, कुणावर मात करतो. हे तेच शब्द, इकडच्या वाटेनं आलेले. तुमचा शह आणि नातवाचा चेक ही सख्खी भावंडं आहेत. हे असं काही हातात असताना चॅरियट-हॉर्स कशाला हवं?

खरं-खोटं ओळखायची एक सोपी खूण देते. आद्याक्षरं जुळवून शब्द करायची रीत मुख्यतः विसाव्या शतकातली. युद्धं, सैन्य, विज्ञान, सरकारी खाती यांनी ती वाढवली. रडार असा झाला, लेझर असा झाला. त्यामुळे एखादा शब्द शे-दोनशे वर्षांहून जुना असेल आणि कुणी त्याचा फुलफॉर्म सांगत असेल, तर हात आखडता घ्या. पॉशचीही तुम्हाला कुणीतरी गोष्ट सांगेल. मुंबईला येणाऱ्या बोटींवर श्रीमंत साहेब लोक इकडे येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीतली केबिन घेत, 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', आणि त्यावरून पॉश. गोष्ट छान आहे, मुंबई आहे, समुद्र आहे. पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही.

या नियमाला एक नामी अपवाद आहे, तो म्हणजे ओके. १८३०च्या दशकात बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत एक खूळ निघालं होतं. नेहमीचे वाक्प्रचार मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं लिहायचे आणि त्यांची आद्याक्षरं छापायची. २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ऑल करेक्ट'चं असंच वेडंवाकडं रूप छापलं, ओ आणि के. त्या खुळातली बाकीची आद्याक्षरं वर्ष-दोन वर्षांत विरून गेली. हे मात्र तगलं, कारण १८४० साली मार्टिन व्हॅन ब्युरेन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होता, तो किंडरहूक गावचा, त्याला 'ओल्ड किंडरहूक' म्हणत आणि त्याचे समर्थक ओके म्हणून घोषणा देत. ॲलन वॉकर रीड नावाच्या प्राध्यापकांनी १९६०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून हे सगळं पुराव्यानिशी मांडलं. तोवर या दोन अक्षरांच्या जन्मकथा ढिगानं होत्या. मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, की एक माणूस छापील तारखेपर्यंत मागे गेला. शब्दाची गोष्ट सांगणाऱ्याला 'हे पहिल्यांदा कुठे छापलंय?' एवढं विचारलं, की निम्म्या गोष्टी तिथेच बसतात.

अर्थ बदलतात कसे, हा तुमचा प्रश्न. नातवाच्या 'सिक'नं तुम्ही दचकलात, पण 'टेरिफिक' तुम्ही वर्गात शाबासकी म्हणून कितीदा लिहिलं असेल! त्याच्या पोटात टेरर आहे, दहशत. मूळ अर्थ भीतिदायक. आपण 'भयंकर गोड' म्हणतो, 'भयंकर आवडलं' म्हणतो, कोल्हापूरकडे 'नाद खुळा' म्हणजे स्तुती. जोर द्यायचा असतो तेव्हा माणूस जवळचा तीव्र शब्द उचलतो. वापरून वापरून त्याची धार जाते आणि पुढची पिढी दुसरा उचलते. तुमचं टेरिफिक, त्याचं सिक. शब्द दोन्ही दिशांनी जातात. 'नाइस' लॅटिनमधल्या 'अजाण' या अर्थाच्या शब्दापासून निघाला. इंग्रजीत आला तेव्हा नाइस माणूस म्हणजे मूर्ख माणूस. मग काटेकोर, चोखंदळ असे अर्थ घेत घेत अठराव्या शतकात तो 'छान'पर्यंत पोचला. 'सिली'चं नेमकं उलट झालं. जुन्या इंग्रजीत तो धन्य, सुखी माणूस होता. मग निष्पाप, मग बिचारा, मग बावळट. आणि आपला 'साहस'? धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा, आणि आज आपण साहसी मुलांना पदकं देतो. मूळ अर्थ दाखवून आजच्या बोलणाऱ्याला कुणी चूक ठरवू शकत नाही. शब्द आज तिथले लोक कशासाठी वापरतात, तोच त्याचा अर्थ.

म्हणून लीड्समध्ये कान उघडे ठेवायचे. काही गोष्टी आधीच सांगून ठेवते. दुकानदार, बसचालक, टपालातली बाई तुम्हाला 'लव्ह' म्हणतील. लीड्सच्या यॉर्कशर परगण्यात ते आपल्या 'ताई'-'मावशी'सारखंच, मनावर घेऊ नका. 'यू ऑल राइट?' असं कुणी विचारलं तर आपण आजारी दिसतोय का, अशी शंका येईल. तो फक्त नमस्कार आहे. 'ऑल राइट, यू?' म्हणून पुढे चालायचं, गुडघ्याचं दुखणं तिथे काढायचं नाही. 'टा' म्हणजे आभार, आणि 'चिअर्स' हेही बहुतेक वेळा आभारच. 'नाउट' म्हणजे काही नाही, 'समट' म्हणजे काहीतरी. यॉर्कशरची जुनी माणसं 'व्हाइल' हा शब्द 'पर्यंत' अशा अर्थानं वापरतात, 'नऊ व्हाइल पाच' म्हणजे नऊपासून पाचपर्यंत. शेजारणीनं साडेपाचला 'टी'ला बोलावलं तर घरून जेवून जाऊ नका. उत्तर इंग्लंडमध्ये टी म्हणजे संध्याकाळचं जेवण, आणि कित्येक घरांत डिनर म्हणजे दुपारचं. ब्रिगेट, कर्कगेट असे रस्ते लागतील, तिथे फाटक शोधू नका. तो गेट आला व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आणि त्याचा अर्थ रस्ता. ब्रिगेट म्हणजे पुलाचा रस्ता, कर्कगेट म्हणजे चर्चचा. हजार वर्षांपूर्वी डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या लोकांचे ते शब्द अजून बसच्या पाटीवर आहेत.

आपल्याकडच्या इंग्रजीतलं काही तिथे अडेल. 'मी ७४ साली पास आउट झाले' असं म्हणालात तर लोक समजतील की तेव्हा तुम्हाला चक्कर आली होती. तो आपल्याकडे आला सैन्याच्या पासिंग आउट परेडवरून. 'आउट ऑफ स्टेशन' म्हटलंत तर ऐकणारा रेल्वेचा विचार करेल. ते स्टेशन साहेबाच्या नेमणुकीचं गाव होतं. साहेब गेला, शब्द आपल्याकडे राहिला. 'अवे' म्हणा, काम होतं. 'प्रीपोन' कुणाला माहीत नसला तरी ऐकताक्षणी कळतो, तो खुशाल वापरा. आणि नातेवाइकांत कुणाचं अमेरिकेत लग्न जमवत असाल, तर मुलीच्या माहितीत 'होमली' लिहू नका. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे तो घरगुती, साधा. अमेरिकेत होमली मुलगी म्हणजे दिसायला बेताची.

आता जरा गंभीर. चुकीच्या शब्दाला लोक हसतात ते हसू देत, पण दोन शब्द तुमच्या तोंडून चुकूनही जाऊ नयेत. आपल्या पिढीच्या भूगोलाच्या पुस्तकांत 'निग्रो' सरळ छापलेला असे आणि आपण तो निर्मळ मनानं म्हणायचो. तिथे तो आज अपमान आहे, तुमच्या मनात काहीही असो. 'ब्लॅक' म्हणा. दुसरा शब्द 'पाकी'. दिसायला तो देशाच्या नावाचं लहान रूप, त्यात वाईट ते काय, असं वाटेल. पण १९६०-७०च्या दशकांत ब्रिटनच्या रस्त्यांवर आशियाई माणसांना गाठून मारहाण होई तेव्हा हाच शब्द ओरडला जाई, आणि मारणारे समोरचा लाहोरचा आहे की लातूरचा हे विचारत नसत. उगम निर्दोष असला म्हणून शब्द निर्दोष ठरत नाही, हे मला या शब्दाइतकं दुसऱ्या कशातही स्पष्ट दिसत नाही. शेजारच्या पाकिस्तानी कुटुंबाबद्दल बोलताना पूर्ण शब्द उच्चारा. आणि नातवाला शाळेत कुणी हा शब्द म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ देऊ नका. मुलाला सांगा, शाळेला कळवायला लावा.

तुम्ही राहता देवळाली कॅम्पला, हे वाचलं तेव्हाच मला तुम्हाला लिहायची घाई झाली. ब्रिटनमध्ये माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागला की म्हणतात, 'ही हॅज गॉन डुलॅली'. ती डुलॅली म्हणजे आपली देवळाली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे सैनिक घरी परतण्यासाठी देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. मुंबईहून त्यांची जहाजं वर्षातले काही महिनेच सुटायची. मोसम चुकला की महिनोन्महिने तिथेच. काम नाही, कवायत नाही, ऊन, दारू, हिवताप, आणि डोक्यात फक्त घर. कित्येकांचं डोकं फिरायचं. त्याला सैनिक म्हणत 'डुलॅली टॅप', आणि तो टॅप म्हणजे आपला ताप. पुढे टॅप गळला आणि तुमच्या गावाचं नाव तेवढं उरलं. आज हा शब्द वापरणाऱ्या इंग्रजांपैकी बहुतेकांना हे नाशिकजवळचं गाव आहे याची कल्पना नाही. तुमच्या नातवालाही नसेल. ज्या कॅम्पात त्याचा बाप वाढला, त्याचं नाव त्याच्या वर्गातली मुलं सर्रास घेत असतील.

त्याच सैनिकांनी आणखीही बरंच नेलं. 'कुशी जॉब' म्हणजे आरामाची नोकरी, त्यात आपलं 'खुश' आहे. 'हॅव अ डेको', जरा बघ, यात देखो. पण मला सगळ्यात हलवतो तो 'ब्लायटी'. विलायत मुळात अरबी, अर्थ प्रांत, राज्य. आपल्याकडे विलायती म्हणजे परदेशी, साहेबाच्या मुलखातलं. सोड्यालासुद्धा बिलायती पाणी म्हणत. गोऱ्या सैनिकांनी तो आपल्या तोंडून ऐकला, त्याचं ब्लायटी केलं, आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत तो शब्द मायदेशासाठी सगळ्यात जिव्हाळ्याचा झाला. जिवावर न बेतणारी पण घरी पाठवणारी जखम ती 'ब्लायटी'. ज्या शब्दात आपल्याला परकेपणा ऐकू येतो, त्यात ते घर ऐकत होते.

आणि निव्वळ मराठीचं म्हणाल, तर मंगूस. इंग्रजी कोशकार त्याच्यापुढे उगम म्हणून मराठी मुंगूस लिहितात. चाळसुद्धा इंग्रजी कोशात आहे. २०१९ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'चड्डीज' दाखल झाला, तो ब्रिटनमधल्या आपल्या लोकांच्या घरातून. हा शब्द नातवाला नक्की आवडेल, तिथून सुरुवात करा. त्यानं तुम्हाला रोज त्याच्या वर्गातला एक शब्द सांगायचा, तुम्ही त्याला एक द्यायचा. त्याचे मित्र 'पेंग', 'बेअर' असं बोलत असतील. पेंग म्हणजे फक्कड, बेअर म्हणजे पुष्कळ. लंडनच्या पोरांची ही बोली, कॅरिबियन घरांतून फोफावलेली. अर्थ विचारा, समजून घ्या, पण स्वतः वापरू नका. पोरांची भाषा मोठ्यांनी बोललेली पोरांना खपत नाही, ती त्यांनी आपल्यापासून वेगळं दिसायलाच केलेली असते.

डिक्शनरी नेऊ नका. सामानाचं वजन वाढेल आणि घरातल्या जुन्या कोशात यातलं फारसं सापडणारही नाही. तिथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांच्या सभासदांना ऑक्सफर्डचा तो मोठा कोश घरबसल्या इंटरनेटवर फुकट उघडता येतो, कार्डाचा नंबर घातला की झालं. सुनेचं किंवा नातवाचं कार्ड असेलच, नसेल तर पहिल्या आठवड्यात काढायला लावा. नोंद उघडलीत की वरचा अर्थ वाचून थांबू नका. प्रत्येक अर्थाखाली सालासकट उतारे दिलेले असतात, सगळ्यात जुना आधी. ते वाचायला लागा, आणि नातवाला शेजारी बसवा.